अर्धा दिवस वापरलेला सूट

तो सूट नारायणराव रेठरेकरांनी त्या दिवशी मुकाट्यानं भांडीवालीला देऊन टाकला असता, तर घरात एक पाच किलोचा कडीचा डबा आला असता आणि विषय तिथंच मिटला असता. डबा चांगला होता. शरयूबाईंनी तो दोनदा वाजवून बघितला होता, झाकण लावून-काढून बघितलं होतं, मनातल्या मनात त्यात पोहेसुद्धा भरून ठेवले होते. पण भांडीवालीनं सूट उलगडला, उन्हात धरला आणि म्हणाली, "ह्याच्यावर येक साडी घाला, आजोबा. नुसत्या कोटाला डबा न्हाई परवडत."

एका दमात माणसाचा किती अपमान करावा! एक तर 'नुसता कोट' आणि वर 'आजोबा'. नारायणरावांना हेडक्लार्क म्हणून रिटायर होऊन जेमतेम दहा महिने झाले होते आणि केस ते दर पंधरवड्याला नेमानं काळे करत होते.

"बाई, हा नुसता कोट नाही. पँट आहे, जाकीट आहे. आणि आयुष्यात एकदाच घातलाय. तोही अर्धा दिवस."

"मग ऱ्हायलेला अर्धा दिवस घाला की," असं म्हणून तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

यावर शरयूबाई हसल्या. हसायला नको होतं. परक्या बाईनं केलेला अपमान माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो, पण त्यावर घरची बाई हसली की तो विसरायची सोय राहत नाही. नारायणरावांनी सूट पुन्हा घडी घातला, छातीशी धरला आणि जाहीर केलं, की हा सूट विकला जाईल तर रीतसर, योग्य माणसाला आणि योग्य किमतीला.

आता अर्धाच दिवस का, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ब्याण्णव साली साताऱ्यात त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे त्र्यंबकदादांच्या मुलीचं लग्न होतं. पुतणीच्या लग्नासाठी म्हणून नारायणरावांनी हा सूट हौसेनं शिवला. पंगतीला ते नेमके व्याह्यांच्या शेजारी बसले. मठ्ठा आला. एक घोट घेऊन नारायणराव म्हणाले, "अरे दादा, मठ्ठ्यात मीठ केवढं पडलंय! तुझं लक्ष कुठंय?" आता जन्मापासून ते दादाला 'अरे दादा'च म्हणत आलेले. पण दादा त्या दिवशी वधूपिता होते, डोक्याला फेटा होता आणि आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "नारायण, चारचौघांत अरे-तुरे करायचं नाही. व्याही बसलेत." झालं! नारायणराव भरल्या पानावरून उठले. जिलेबीला हातसुद्धा लागलेला नव्हता. दुपारच्या गाडीनं नवरा-बायको सांगलीला परत. तेव्हापासून सात वर्षं झाली; दोघा भावांत बोलणं नाही, येणंजाणं नाही, कुणाच्या दुखण्याखुपण्याची विचारपूस नाही. सूट डांबराच्या गोळ्यांत आणि भाऊ साताऱ्यात.

तर सूट रीतसर विकायचा ठरला, आणि रीतसर म्हणजे कसा, ते शेजारच्या पायगोंडा पाटलांनी सांगितलं. पायगोंडांचा हळदीचा व्यापार. माणूस मोठा दिलदार, आणि हळद सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर सल्ला फुकट देणारा.

"आवं नारायणराव, भांडीवालीला कशाला द्यायलाय? आमच्या प्राचीनं त्ये इंटरनेट टाकलंय न्हवं. त्येच्यावर जाहिरात टाका. अमेरिकेतनं गिऱ्हाईक येतंय बगा. मातर नाव घालू नका हां. उद्या गाव म्हणंल, हेडक्लार्क जुनी कापडं इकायलाय."

हा शेवटचा मुद्दा नारायणरावांना तंतोतंत पटला. सगळं नुकसान त्या मुद्द्यानं केलं, पण तेव्हा तो शहाणपणाचा वाटला.

प्राची ही पायगोंडांची थोरली सून. तिनं विश्रामबागेत सासऱ्यांच्या जुन्या हळदीच्या गोदामात तीन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. सांगलीत त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, असे कॅफे नुकते कुठं निघायला लागले होते. गोदाम तीनदा रंगवलं तरी हळदीचा वास गेला नव्हता. तिथं तासभर बसून आलेला माणूस हळदीला जाऊन आल्यासारखा घमघमायचा. त्यात टेलिफोनची लाइन घरची आणि दुकानाची एकच. प्राचीच्या सासूबाई चंदनबालाकाकूंनी मिरजेच्या बहिणीला फोन लावला, की इकडं अमेरिका बंद. मग प्राची गोदामाच्या मागच्या दारातून ओरडायची, "आत्या, ठेवा की वो जरा!" आणि काकू आतून ओरडायच्या, "जरा दम धर, तिची डाळ करपायलीय!"

अशा परिस्थितीत जाहिरात तयार झाली. नारायणरावांनी घरून कच्चा मसुदा लिहून आणला होता. वर जावक क्रमांक, विषय, संदर्भ. प्राचीनं हळूच सांगितलं, "काका, संदर्भ लागत नाही." ते म्हणाले, "असू दे. कुणी विचारला तर?" 'सेकंड हँड' हा शब्द घालायला त्यांनी साफ नकार दिला. सेकंड हँड म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचं. आणि हा तर आपल्याच अंगावरचा होता! शेवटी तडजोड होऊन 'हाफ डे युज्ड जेंट्स सूट' असं ठरलं आणि पत्रपेटीलाही नाव 'हाफडेसूट' असंच घेतलं. पत्रपेटीचा परवलीचा शब्द मात्र त्यांनी प्राचीला पाठ करून उभं राहायला लावून स्वतः टाइप केला. ऑफिसातल्या कपाटाची किल्लीसुद्धा त्यांनी तीस वर्षांत शिपायाच्या हातात दिली नव्हती.

नऊ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी लुधियानाहून कुणीतरी विचारलं, असले पाचशे नग मिळतील का. बाराव्या दिवशी कुणीतरी विचारलं, सूट मयताचा आहे का. नारायणरावांनी त्याला दीड पानी उत्तर लिहिलं, की सूटमालक हयात असून त्याची प्रकृती उत्तम आहे, रक्तदाब तेवढा थोडा आहे. आणि मग, नवरात्राच्या आसपास, साताऱ्याहून पत्र आलं.

ही पत्रं दोन्हीकडून इंग्रजीत होती, कारण त्या यंत्रात मराठी नव्हती. पण ते इंग्रजी सरकारी नोटिंग-ड्राफ्टिंगचं असल्यामुळं इथं मराठीत दिलं तरी काही बिघडत नाही.

"आदरणीय महोदय," पत्र म्हणत होतं, "आपल्या जाहिरातीच्या अनुषंगाने विनंती करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकारास चिरंजीवांच्या विवाहाप्रीत्यर्थ एका सुटाची निकड आहे. नवीन सूट एका दिवसाकरिता शिवणे विवेकास धरून वाटत नाही. तथापि जुना सूट घेत असल्याचे षट्कर्णी होणे इष्ट नसल्याने नाव कळवीत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आपला आज्ञाधारक, सातारची पार्टी."

नारायणरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. काय भाषा! काय अदब! "माणूस असावा तर असा," ते प्राचीला म्हणाले. "नाहीतर आमचे साताऱ्याचे नातेवाईक." खाली त्यांनीही सही ठोकली: 'आपला नम्र, सांगलीची पार्टी.'

मग मापांची देवाणघेवाण झाली. छाती तीच, कंबर तीच, बाहीची लांबी सुतानं तीच. वर सातारच्या पार्टीनं लिहिलं, "माझा डावा खांदा जन्मतः पाऊण इंच खाली आहे. शिवणीत काही फेरफार शक्य असल्यास कळवावे." नारायणराव खुर्चीतून जवळजवळ उठलेच. कारण त्यांचाही डावा खांदा पाऊण इंच खाली होता आणि सांगलीच्या शिंप्यानं त्या बाजूला कापूस भरून तो बेमालूम वर आणला होता! घरी येऊन त्यांनी हा योगायोग मोठ्या कौतुकानं बायकोला सांगितला.

शरयूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "अहो, मामंजींचाही खांदा तसाच होता ना? आणि साताऱ्याला म्हणजे..."

"साताऱ्यात काय एकच डावा खांदा आहे?" नारायणराव म्हणाले. "सभ्य माणूस आहे तो. काहीतरी बोलू नकोस."

शरयूबाई पुढं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं, आणि तेव्हा बोलले असते तर बरं झालं असतं, असं म्हणून डोळ्याला पदरही लावला.

सौदा दुसऱ्या आठवड्यात ठरला होता. पण पत्रं थांबेनात. आठवड्यातून दोनदा नारायणराव इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत जायचे. तासाला साठ रुपये मोजून एका परक्या माणसाला बद्धकोष्ठावर त्रिफळा चालेल का, पेन्शनच्या कागदांना किती दिवस लागतात, थंडीत गुडघे धरतात का, असलं सगळं विचारायचे. तिकडूनही तितक्याच आस्थेनं उत्तरं यायची. सात वर्षांत नारायणरावांची इतकी चौकशी कुणी केली नव्हती. मला विचाराल तर यात मोठा वाटा त्या इंग्रजीचा होता. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. त्यात तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. धाकला कोण, थोरला कोण, मान कुणी कुणाला द्यायचा, ही सगळी भानगडच नाही. मराठीत पहिलं वाक्य तोंडातून निघायच्या आत आपण समोरच्याला कुठल्या पाटावर बसवलं ते ठरून गेलेलं असतं.

दिवाळीच्या सुमारास सातारच्या पार्टीनं मन मोकळं केलं. "महोदय, आपला सूट अर्धाच दिवस का वापरला गेला, हे विचारणे औचित्यास सोडून तर होणार नाही?"

नारायणरावांनी लिहिलं, की एका घरगुती समारंभात थोरल्या बंधूंनी पाचशे लोकांसमोर निष्कारण पाणउतारा केल्यामुळं सूट उतरवावा लागला. उलट टपाली उत्तर आलं. "वाचून अत्यंत खेद झाला. पाचशे लोकांसमोर! असा थोरला भाऊ असण्यापेक्षा माणसाने एकटे असलेले बरे. माझी व्यथा उलट आहे. मला एक धाकटा भाऊ आहे. त्यास मी मुलासारखे वागविले. पण एका मंगल प्रसंगी, जेमतेम तीस माणसे असताना, क्षुल्लक कारणावरून तो ताटावरून उठून गेला. पत्नी त्यानंतर तीन दिवस जेवली नाही. आता चिरंजीवांचे लग्न आहे. त्यास बोलवावे की न बोलवावे, या विवंचनेत आहे. आपण सुज्ञ आहात. सल्ला द्यावा."

आता तुम्ही म्हणाल, अहो, शेंबड्या पोरालाही कळलं असतं! कळलं असतं, पण शेंबड्या पोराला. नारायणरावांना कसं कळावं? त्यांच्या गोष्टीत पाचशे माणसं होती, सातारच्या पार्टीच्या गोष्टीत तीस. त्यांच्या गोष्टीतला धाकटा भाऊ सोशिक आणि स्वाभिमानी होता, आणि यांच्या गोष्टीतला अगदीच उर्मट, नतद्रष्ट माणूस. आपलीच गोष्ट दुसऱ्यानं सांगितली की ती आपली म्हणून ओळखू येत नाही. नारायणरावांना त्या सभ्य गृहस्थाची मनापासून कणव आली. असल्या देवमाणसाला छळणारा भाऊ कोण असेल मेला! त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं:

"आदरणीय महोदय, भरल्या पानावरून उठणारा इसम अन्नाचा आणि नात्याचा, दोहोंचा अवमान करतो. त्यास बोलावू नये. बोलावल्यास तो पुन्हा मंगल कार्यात विघ्न आणील. माझे हे मत अंतिम समजावे."

'अंतिम समजावे' हे लिहिल्यावर त्यांना फार बरं वाटलं. घरी जाताना त्यांनी अर्धा किलो पेढे घेतले.

सूट पार्सलनं पाठवायचा, असं नारायणराव म्हणत होते. शरयूबाई मात्र हट्टाला पेटल्या, की तुम्हीच घेऊन जा, समक्ष द्या. तेव्हा दोघांच्या मध्यावर म्हणून कराडचा एसटी स्टँड ठरला. रविवार, एकवीस नोव्हेंबर, सकाळी अकरा. ओळख पटावी म्हणून सांगलीच्या पार्टीनं खिशाला गुलाब लावावा आणि सातारच्या पार्टीनं हातात छत्री धरावी, असं ठरलं. पण रविवारी सकाळी सांगलीच्या स्टँडवर गुलाब मिळाला नाही, झेंडू मिळाला. आणि सातारच्या पार्टीची छत्री गाडीतच राहिली आणि गाडी पुढं कोल्हापूरला गेली. हे अर्थात मागाहून कळलं.

अकराला दहा कमी असताना नारायणराव निळी सुटकेस घेऊन बाकावर बसले, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्र्यंबकदादा बसलेले त्यांना दिसले. दादा वाळले होते. मानेची कातडी लोंबत होती. नारायणराव बाकावर त्यांच्याकडं दोन बोटं सरकलेही, पण लगेच त्यांना आठवलं, की आपण इथं एका सभ्य गृहस्थाला भेटायला आलोय. त्यांनी पाठ फिरवली. दादांनी खिशातला झेंडू बघितला, 'याला आता काय झालं' अशा नजरेनं बघितला, आणि त्यांनीही पाठ फिरवली. दोघंही आपापल्या पार्टीची वाट बघत अर्धा तास पाठीला पाठ लावून बसून राहिले.

साडेअकराला नारायणरावांनी चौकशीच्या खिडकीवर जाऊन कंट्रोलरला गळ घातली. कंट्रोलर तंबाखू चोळत म्हणाला, "ही काय लग्नाची वरात हाय व्हय मामा, पार्टी-पार्टी पुकारायला?" पण भला माणूस होता. त्यानं माइक घेतला.

"सातारची पार्टी, सूटवाली, जिथं कुटं असंल तिथनं चौकशीच्या खिडकीला यावं. सांगलीची पार्टी कवाधरनं हुबी हाय."

बाकावरून दादा उठले आणि खिडकीशी आले.

"जरा बाजूला व्हा," नारायणराव दुसरीकडं बघत म्हणाले. 'व्हा'वर त्यांनी मुद्दाम जोर दिला होता. "माझी पार्टी यायचीय."

"माझीही यायचीय," दादा म्हणाले. "सांगलीची."

कंट्रोलरनं एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. "आवं, मग झालं की! ह्यो सांगली, त्यो सातारा. घ्या मिटवून."

मग दादांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पत्रं छापून जवळ ठेवायची त्यांना सवय होती. "'भरल्या पानावरून उठणारा इसम.' कुणी लिहिलं हे?"

"'असा थोरला भाऊ असण्यापेक्षा एकटे असलेले बरे.' हे कुणी लिहिलं?" नारायणरावांनी पाठ म्हणून दाखवलं.

"ते मी सांगलीच्या पार्टीच्या भावाबद्दल लिहिलं होतं!"

"मग मीही सातारच्या पार्टीच्या भावाबद्दलच लिहिलंय!"

इथं हसायचं होतं हो. एवढी एकच जागा होती आणि ती आली होती. दादांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलेलंही होतं. नारायणरावांनी ते डोळ्यांनी बघितलं. नुसतं गप्प राहिले असते तरी भागलं असतं. पण ते म्हणाले, "आणि तीस माणसं काय? पाचशे होती."

"तीस होती. पहिली पंगत तीसचीच होती."

"पाचशे!"

"मठ्ठ्यात मीठ नव्हतंच जास्त," दादा म्हणाले. "तुझी जीभच तसली."

झालं. सात वर्षांचं सगळं तिथं कराडच्या स्टँडवर निघालं. आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं इथपासून, लहानपणी सायकल कुणी मोडली इथपर्यंत. पाटणच्या गाडीची माणसं गाडी सोडून ऐकत उभी राहिली. शेवटी कंट्रोलरच खिडकीतून म्हणाला, "आवं, ज्याच्यासाठी आलाय त्यो कोट तर घालून बघा. लग्नकार्य हाय म्हंताय."

दादांनी रागारागानं कोट अंगात घातला. अगदी शिवून घेतल्यासारखा बसला. मागं कॉलर जरा मुडपली होती, ती नारायणरावांनी सवयीनं हात घालून सरळ केली आणि डावा खांदा चापून बसवला. हात तिथं एक क्षण राहिला. "लय झ्याक बसलाय गड्या," कंट्रोलर म्हणाला. "सख्खं भाऊ हाय का काय तुमी?"

साताऱ्याची गाडी लागली. दादांनी ठरलेले पैसे नारायणरावांच्या खिशात कोंबले, झेंडूसकट, पँट-जाकीट काखेत मारलं आणि तो कोट तसाच अंगात ठेवून भर उन्हात गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नारायणरावांनी मान फिरवली. मग गाडी हलली.

त्यानंतरचे दिवस नारायणरावांनी पोस्टमनकडं बघत काढले. आमंत्रण येणार, अशी त्यांना खात्री होती. कितीही झालं तरी सख्खा काका. पत्रिका येईल, नाहीतर रीतीप्रमाणं अक्षत द्यायला कुणीतरी दारात येईल. सकाळी ते फाटकाशी उभे राहायचे, दुपारी स्वतः पोस्टात जाऊन विचारायचे, "रेठरेकरांचं काही?" कॅफेवरून रोज जायचे-यायचे, पण आत गेले नाहीत. तिथं आता काय काम? सौदा पुरा झाला होता, आणि ज्या सभ्य गृहस्थाशी पत्रव्यवहार होता, तो गृहस्थ उरलाच नव्हता.

शरयूबाईंनी नव्या सुनेसाठी साडी आणली, ब्लाउजपीस आणला, चार तारखेला बॅगही भरली. "अहो, भावाच्या घरी बोलावणं कसलं बघताय? जाऊ या. दारातून तर कुणी हाकलणार नाही."

"न बोलावता जायला आपण काय वाजंत्री आहोत?" नारायणराव म्हणाले. आणि मग जरा वेळानं, खालच्या आवाजात, "मीच लिहून दिलंय त्यांना. बोलावू नका म्हणून. अंतिम समजा म्हणून."

पाच डिसेंबरला बारा पस्तीसचा मुहूर्त होता. तारीख-वेळ पत्रांतून आधीच कळलेली होती. नारायणराव घड्याळासमोर बसून राहिले. बारा पस्तीसला शरयूबाई देवघरातून आल्या, साताऱ्याच्या दिशेला तोंड करून त्यांनी हातातल्या अक्षता टाकल्या आणि आत गेल्या. नारायणरावांनी फरशीवरचे तांदूळ एक-एक करून उचलले.

चार दिवसांनी ते कॅफेत गेले. ती जाहिरात अजून तशीच लागलेली होती आणि लुधियानाच्या माणसानं आता सातशे नग मागितले असतील, या धास्तीनं ती काढून टाकायला गेले. प्राचीनं यंत्र सुरू करून दिलं आणि ती बाजूला झाली. त्यांनी पेटी उघडली. आत एक पत्र होतं.

"आदरणीय महोदय,

रविवारच्या भेटीत मुख्य विषय राहून गेला. समक्ष भेटीत आपणा दोघांमध्ये मराठी येते व कामाचा विचका होतो, म्हणून या मार्गाने लिहीत आहे. चि. निमिषचा विवाह दि. ५ रोजी आहे. भावाला पत्रिका पोस्टाने पाठवावयाची नसते. अक्षत घेऊन मी स्वतः येणार होतो, दोनदा स्टँडपर्यंत आलोही. परंतु आपण दार उघडले नाही, तर या वयात ते मला सोसणार नाही. तरी हेच आमंत्रण समजून सहकुटुंब यावे. याबाबतीत आपण दिलेला सल्ला मी दप्तरी दाखल केला असून त्यानुसार कार्यवाही करीत नाही. मठ्ठ्यात मीठ जास्त होते. आपण गेल्यावर मी चाखून पाहिला होता. आपण येईपर्यंत मी पानावर बसणार नाही.

आपला आज्ञाधारक,
सातारची पार्टी."

"प्राची," नारायणरावांनी हाक मारली. "हे कधी आलंय?"

प्राचीनं वाकून बघितलं. "चोवीस तारखेला, काका. त्या दिवसापासून पडलंय की."

नारायणराव पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "लग्नातली शेवटची पंगत किती वाजता उठते गं?"

"चार-साडेचार तर होतातच. कधी पाचसुद्धा. का हो?"

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. तास भरला, दुसरा लागला. मागं चंदनबालाकाकूंनी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. नारायणरावांनी तीस वर्षांत हजारो पत्रं लिहिली होती, खुलासे लिहिले होते, विलंबाची कारणमीमांसा लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य त्यांना सापडेना. शेवटी एक-एक अक्षर शोधत, एका बोटानं, त्यांनी टाइप केलं:

'रिस्पेक्टेड सर, आय वॉज ॲट होम ओन्ली.'

म्हणजे, मी घरीच होतो.